कुत्र्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर: ऑपरेशनचा निर्णय आणि नंतरचे बारा आठवडे

जिलबी ही आमची लॅब्रॅडॉर. वय सहा, वजन तेव्हा ३८ किलो, आणि रोज संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर ठरलेली. मागच्या जूनमध्ये अंगणातल्या चिखलात तिचा मागचा उजवा पाय सटकला, एकदाच केकाटली आणि तीन पायांवर घरात आली. तिथून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचायला आम्हाला दहा आठवडे लागले, त्यातले सहा सरळ वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

माझा अनुभव मोठ्या, जड कुत्रीचा आहे. तुमच्याकडे पॉमेरेनियन किंवा डॅशहाउंड असेल तर चौथा टप्पा जरा सावकाश वाचा, तिथे हिशेब बदलतो. आणि मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस इथून काय, कुठल्याच लेखातून उचलू नका.

१. नेमकं काय तुटतं ते समजून घ्या

कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या घरी 'एसीएल गेलं' हे शब्द नवे नाहीत. कुत्र्याचं तेच लिगामेंट, म्हणजे गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड एकत्र धरून ठेवणारा बंध, फक्त डॉक्टर त्याला 'क्रेनियल क्रूशिएट' म्हणतात, कागदावर सीसीएल लिहितात. फरक असा, की पोराचं लिगामेंट बहुतेक वेळा एका फटक्यात जातं. कुत्र्याचं मात्र रहाटाच्या दोरासारखं महिनोन्‌महिने आतून झिजत येतं आणि एक दिवस कशाचं तरी निमित्त होतं. आमचा चिखल निमित्तमात्र होता. लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर या जातींत हे जास्त दिसतं, वजन जास्त असेल तर आणखी.

दुसरा फरक गुडघ्याच्या रचनेचा. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, मागे उतरता असतो, साधारण २५ अंश. घाटात बैलगाडी उभी करून चाकाखाली दगड लावतात ना, तसं हे लिगामेंट काम करतं. दगड निघाला की प्रत्येक पावलाला मांडीचं हाड उतारावरून मागे घसरतं. मधल्या गादीवर, म्हणजे मेनिस्कसवर, घाव बसत राहतात आणि सांध्यात संधिवात सुरू होतो. ही बैलगाडी लक्षात ठेवा, ऑपरेशन निवडताना पुन्हा लागेल.

२. लंगडणं बघा, आणि वाया जाणारे आठवडे वाचवा

घरी बघण्यासारख्या खुणा:

- बसताना दुखरा पाय पोटाखाली न घेता बाजूला लांब टाकणं. आम्हाला ते लाडात बसणं वाटत होतं.
- उठताना पहिली दहा-बारा पावलं जास्त लंगडणं, मग चाल सुधारणं.
- उभं असताना त्या पायाची फक्त बोटं टेकवणं.
- त्या मांडीचा घेर दुसरीपेक्षा कमी होणं. दोन्ही हातांनी एकदम चाचपा, लगेच कळतं.
- गुडघ्याच्या आतल्या बाजूला टणक फुगवटा. हे जुनं दुखणं असल्याचं लक्षण.

आता आमचे सहा आठवडे कुठे गेले ते सांगते.

पहिले दोन कॅल्शियममध्ये. 'कॅल्शियम कमी आहे' हे आपल्याकडचं सगळ्यात लाडकं निदान. दोन बाटल्या सिरप संपलं. तुटलेलं लिगामेंट कॅल्शियमने जुळत नाही, आणि व्यवस्थित खाणाऱ्या मोठ्या कुत्र्याला ते सहसा लागतही नाही.

पुढचे दोन आरामात. दहा दिवस बांधून ठेवल्यावर ती बरी चालायला लागली, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. रंकाळ्यावर नेलं आणि दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा वर. आरामाने सूज उतरते, लिगामेंट येत नाही. 'बरं वाटतंय' आणि 'बरं झालंय' यातली गल्लत इथे पहिल्यांदा होते. पुढे ऑपरेशननंतर हीच गल्लत जास्त महाग पडते.

शेवटचे दोन गोचीड तापाच्या शंकेत. ही शंका चुकीची नव्हती, उलट रास्त होती. आपल्याकडे एर्लिकियाने (हाच गोचीड तापाचा जंतू) सांधे दुखतात आणि कुत्रं आज हा पाय, उद्या तो पाय लंगडतं. एकच पाय आठवडेच्या आठवडे दुखत असेल तर मात्र गुडघा तपासायला सांगा. रक्त तपासाच, कारण या तापात प्लेटलेट कमी होतात आणि तशा अवस्थेत ऑपरेशन केलं तर रक्तस्रावाचा धोका असतो. फक्त गुडघ्याची आणि रक्ताची तपासणी एकाच आठवड्यात करा. एक संपल्यावर दुसरी, असं करू नका.

एक सापळा जिवावर बेतणारा आहे: घरातली माणसांची वेदनाशामक गोळी. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, मूत्रपिंड निकामी करू शकतात. पॅरासिटामॉलही मनाने द्यायची नाही. गिधाडं मेली म्हणून भारतात २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, तरी माणसांचं घराघरांत असतंच. कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम अशी औषधं डॉक्टर लिहून देतात. आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं असेल तर नव्या डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते सांगा, कारण स्टेरॉइड आणि ही औषधं एकदम अंगात जाणं वाईट.

३. निदान पक्कं करा

लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. सांध्यातलं पाणी, संधिवात, हाडं जागेवर आहेत का, हे दिसतं. 'एक्स-रे नॉर्मल, म्हणजे काही नाही' असं कोणी म्हणालं तर दुसरं मत घ्या.

खरी परीक्षा हातांची. एका हाताने मांडीचं हाड धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. टेबलाचा खण सरकावा तशी ती सरकली तर लिगामेंट गेलं, म्हणून या चाचणीला ड्रॉअर टेस्टच म्हणतात. घाबरलेलं कुत्रं स्नायू इतके घट्ट धरतं की काहीच सरकत नाही. जिलबीची पहिली तपासणी अशीच 'नॉर्मल' आली होती. हलकी गुंगी देऊन तपासल्यावर पाच सेकंदांत निकाल लागला. तर गुंगीला घाबरून नाही म्हणू नका.

सर्जनकडे जाताना ही पिशवी भरा:

- लसीकरणाचं पुस्तक, महापालिकेचा परवाना, विमा असेल तर त्याची पॉलिसी
- सीबीसी, क्रिएटिनीन, लिव्हर, गोचीड ताप यांचे ताजे रिपोर्ट
- आतापर्यंतच्या औषधांची यादी, शेवटचा डोस कधी दिला त्या तारखेसह
- एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल किंवा सीडी
- चालण्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ: समोरून, मागून, बाजूने, प्रत्येकी अर्धा मिनिट

व्हिडिओ क्षुल्लक वाटेल, पण दवाखान्यात पोचल्यावर भीतीने कुत्री लंगडणं विसरतात.

एक्स-रेबद्दल अजून थोडं. हाडाचा उतार मोजायचा तर गुडघा आणि घोटा दोन्ही एकाच फिल्ममध्ये यावे लागतात, पाय ठरावीक कोनात ठेवून. आम्ही इथून काढून नेलेल्या फिल्ममध्ये घोटाच नव्हता. ऑपरेशन पुण्यात होतं, तिथे पुन्हा भूल, पुन्हा पैसे. निदानापुरता एक्स-रे गावात काढा, ऑपरेशनसाठीचा जिथे ऑपरेशन तिथेच.

४. ऑपरेशन की नाही

इथे सगळ्यात जास्त सल्ले मिळतील. शेजारी म्हणतील, कुत्र्यावर एवढा खर्च? नातेवाईक सांगतील, आमचा मोती आपोआप बरा झाला. मोती किती किलोचा होता ते विचारा.

वजन हा पहिला प्रश्न. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विनाऑपरेशन ठेवलेल्या कुत्र्यांपैकी १५ किलोखालची सुमारे ८५ टक्के सुधारली, १५ किलोवरची जेमतेम १९ टक्के. अभ्यास जुना आहे, तेव्हा आजच्यासारखी फिजिओथेरपी नव्हती. तरी दिशा कळते. लहान कुत्र्याला दीड-दोन महिने कडक विश्रांती, वजन घटवणं आणि व्यायाम देऊन बघणं शहाणपणाचं. मोठ्या, पळणाऱ्या कुत्र्याला बहुतेक सर्जन ऑपरेशनच सुचवतील. गुडघ्यातली गादी फाटली असेल (चालताना गुडघ्यात 'टक्' असा आवाज येतो कधीकधी) तर लहान कुत्र्यालाही नुसत्या विश्रांतीने आराम पडणं अवघड.

दुसरा प्रश्न वयाचा आणि इतर आजारांचा. तेरा वर्षांच्या, हृदयाचं औषध चालू असलेल्या कुत्र्याला ऑपरेशन नको म्हणणं ही हेळसांड नाही.

तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही: बारा आठवडे घरी कोण आहे? ऑपरेशन एक-दोन तासांचं, आणि ते सर्जन करतात. पुढचं सगळं तुम्ही करणार. दोघंही सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला येत असाल, जिने असतील आणि उचलायला कोणी नसेल, तर आधी ती व्यवस्था लावा आणि मग तारीख घ्या. दोन-तीन आठवडे उशीर झाल्याने आभाळ कोसळत नाही. वर्षभर टाळलं तर संधिवात वाढतो, हेही खरं.

ठरलंच, तर पद्धती मुख्यतः तीन.

बाहेरून दोरा, म्हणजे लॅटरल सूचर. सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा दोरा घालून हाडं जागेवर धरतात. काही काळाने दोरा सैल पडतो किंवा तुटतो, तोवर भोवतीच्या ऊतींनी सांधा घट्ट धरायचा असतो. हाड कापावं लागत नाही, खर्च कमी. लहान कुत्र्यांना चांगली.

टीपीएलओ. नडगीच्या हाडाचा वरचा भाग गोल करवतीने कापून, फिरवून, प्लेट-स्क्रूने बसवतात. उतार २५ अंशांवरून पाचच्या आसपास येतो. बैलगाडीच्या चाकाखाली नवा दगड लावायचा नाही, रस्ताच सपाट करायचा. अमेरिकेतल्या बार्कले स्लोकम यांनी १९९३ मध्ये ही पद्धत मांडली. मोठ्या कुत्र्यांसाठी आज सगळ्यात जास्त हिचंच नाव निघतं, आणि जिलबीचं हेच झालं.

टीटीए. गुडघ्याच्या वाटीखालची स्नायूबंध जोडलेली हाडाची कड पुढे सरकवतात. झुरिकमध्ये २००२ च्या सुमारास निघालेली. तुमच्या सर्जनचा हात या पद्धतीवर बसलेला असेल तर टीपीएलओसाठी हटून बसू नका. ज्या हाताने शंभर वेळा केलंय ती पद्धत, नावापेक्षा महत्त्वाची.

पट्टा किंवा ब्रेस विकणारे भरपूर भेटतील. मांडीच्या जाड, निमुळत्या आकारावर तो जागेवर राहत नाही आणि कातडी सोलते. आमचा माळ्यावर पडलाय.

५. सर्जनला विचारायचे प्रश्न

वहीत लिहून न्या, तिथे गेल्यावर सुचत नाही.

- ही शस्त्रक्रिया तुम्ही किती केल्या? दर महिन्याला किती होतात?
- ऑपरेशनमध्ये गादी तपासणार का?
- भूल देणारे डॉक्टर वेगळे असतील का?
- रात्री तिच्याजवळ माणूस असेल का?
- जंतुसंसर्ग झाला किंवा स्क्रू ढिला झाला, तर पुढचा खर्च कोणाचा?

खर्चाचा अंदाज लेखी आणि फोड करून घ्या: प्लेट-स्क्रू, भूल, ऑपरेशननंतरचा एक्स-रे, मुक्काम, औषधं, टाके काढणं, आठव्या आठवड्याचा एक्स-रे. 'सगळं धरून' म्हणताना शेवटच्या दोन गोष्टी बऱ्याचदा धरलेल्या नसतात. विमा आता घेऊ म्हणाल तर आधीच सुरू झालेलं दुखणं सहसा त्यात बसत नाही.

खाजगी दवाखाना झेपत नसेल तर माफसूच्या (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत: परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर. शल्यचिकित्सा विभागात फोन करून यातली कुठली पद्धत करतात ते विचारा आणि मगच गाडी काढा.

६. घर आधी तयार करा

जिलबी घरी आल्यावर आम्ही चटया शोधायला निघालो. ही चूक करू नका.

आपल्या घरांतला खरा शत्रू म्हणजे गुळगुळीत टाइल्स. तिच्या वाटेवर रबरी मॅट किंवा जुन्या योगा मॅट टाका, खालून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्ट्या लावा. सतरंजी टाकू नका, ती कुत्र्यासकट घसरते. पंजांच्या गाद्यांमधले केस कापा.

कोंडायची जागा ठरवा. मोठा क्रेट उत्तम, नाहीतर पलंगाच्या कोपऱ्याला लोखंडी जाळी लावून सहा बाय चारची जागा. ऑपरेशनच्या दोन आठवडे आधीपासून तिथे जेवण देऊन सवय लावा. आमचं झोपायचं वरच्या मजल्यावर. मधे अठरा पायऱ्या. तर मी अडीच महिने खालच्या खोलीत गादी टाकून झोपले.

फ्लॅटमध्ये राहत असाल आणि सोसायटी कुत्र्याला लिफ्ट नाकारत असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून सेक्रेटरींना द्या. पाळीव प्राण्यांना लिफ्टबंदी करू नये असं त्यात आहे. ऑपरेशनच्या आधी द्या. भांडायला नंतर वेळ नसतो.

सामान: गळ्यातलं नरसाळं, पोटाखालून आधार द्यायला मोठा टॉवेल (जुनी सुती ओढणी आणखी बरी), बर्फाच्या पिशव्या, आखूड दोरी, स्वयंपाकघरातला वजनकाटा. काटा कशाला ते आठव्या टप्प्यात.

आणि पंचांग बघा. थट्टा नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत दिवाळी किंवा गणपती येणार असतील तर तारीख हलवता येते का पाहा. आमचं ऑगस्टमध्ये झालं आणि तिसऱ्या आठवड्यात दारावरून ढोलताशे गेले. जिलबी पलंगाखाली शिरायला अशी उसळली की माझ्या पोटात गोळा आला. निभावलं, पण तो निव्वळ योग.

७. पहिले चौदा दिवस

भूल उतरताना रात्रभर कण्हणं, थरथरणं होऊ शकतं. दोन-तीन दिवस शी होत नाही, त्याने घाबरू नका. लघवी दिवसभरात झालीच नाही तर मात्र फोन करा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी घोट्याजवळ पाण्याच्या फुग्यासारखी सूज येते. वरचं पाणी गुरुत्वाने खाली उतरतं, एवढंच. मी रात्री एक वाजता पुण्याला फोन केला होता. पलीकडच्या डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

बर्फ पहिले काही दिवस, कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. शीसाठी बाहेर पाच मिनिटं, दोरी बांधून, पोटाखाली ओढणी धरून. बाकी वेळ जाळीत. नरसाळं काढायचं नाही, 'जरा वेळ' सुद्धा नाही. चाटून टाके उसवायला कुत्र्याला दोन मिनिटं पुरतात, आणि आत प्लेट असल्यावर जखमेतला जंतुसंसर्ग साधा राहत नाही.

लगेच दवाखाना गाठायची लक्षणं: जखमेतून पू किंवा वास, ताप, उलट्या, काळी शी (वेदनाशामकाने पोटात रक्तस्राव होत असू शकतो, पुढचा डोस थांबवून फोन), आणि टेकवायला लागलेला पाय पुन्हा पूर्ण उचलणं.

८. तिसरा ते आठवा आठवडा: इथेच घोळ होतात

टाके निघाले, केस उगवले, कुत्रं पाय टेकवतंय, शेपूट हलतेय. त्याला वाटतं आपण बरे झालो. घरच्यांनाही वाटतं. आत हाड अजून जुळत असतं. आठ ते बारा आठवडे लागतात त्याला. या काळात सोफ्यावर मारलेली एक उडी प्लेट वाकवू शकते, स्क्रू ढिला करू शकते.

दारावरची बेल ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. आम्ही ती बंदच केली आणि दारावर चिठ्ठी लावली: 'बेल वाजवू नका, फोन करा, आत पेशंट आहे.' कुरिअरवाला आठवडाभर सासऱ्यांच्या तब्येतीची चौकशी करत होता.

फिरणं मोजून. सर्जनने दिलेलं वेळापत्रकच खरं. आमचं तिसऱ्या आठवड्यात दहा मिनिटं होतं आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढत गेलं. चाल अगदी मंद ठेवा. वेगात नेलं की कुत्रं दुखरा पाय उचलून तिघांवर धावतं, हळू नेलं की चारही टेकवावेच लागतात. 'बस-ऊठ' हा साधा व्यायाम मांडी भरायला फार कामाचा, पण डॉक्टरांनी सांगितल्यावरच. जखम भरून त्यांनी परवानगी देईपर्यंत पोहणं नाही. पंचगंगेच्या घाटावर तर नाहीच, पायऱ्या शेवाळलेल्या असतात.

आता वजनकाटा. लोक प्लेट कुठल्या कंपनीची ते विचारतात आणि ताटात काय पडतंय ते बघत नाहीत. कोंडलेलं कुत्रं झपाट्याने जाड होतं. जिलबीचं लक्ष्य ३२ किलो ठरलं. विश्रांतीच्या कॅलरींचं सूत्र असं: किलोतल्या वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०. ३२ किलोला येतात सुमारे ९४०. एका चपातीत शंभराच्या आसपास जातात, तूप वेगळं. सासूबाईंचं 'एवढंसं' दिवसाला तीन चपात्या भरत होतं, म्हणजे तिच्या दिवसाच्या जेवणाचा तिसरा हिस्सा! त्यांना बोलून उपयोग नव्हता. मग युक्ती केली: सकाळीच मोजलेल्या जेवणातली मूठभर डब्यात काढून त्यांच्याकडे द्यायची, दिवसभर त्यातूनच द्या म्हटलं. काकडी, गाजर, उकडलेला दुधी चालतो. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के घट पुरे.

यात माझा हट्ट वाटत असेल तर एक गोष्ट सांगते. ४८ लॅब्रॅडॉरांवर, त्यांच्या जोड्या लावून झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी जेवलेली कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांना संधिवातही उशिरा झाला.

९. आठव्या आठवड्याचा एक्स-रे आणि दुसरा पाय

कुत्रं ठणठणीत दिसतंय म्हणून हा एक्स-रे चुकवणारे बरेच भेटले. चुकवू नका. हाड जुळल्याचं फिल्मवर दिसलं की मगच दोरी लांब करायची, जिने सुरू करायचे, आणि मोकळं सोडणं त्यानंतर, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. जिलबीचं हाड आठव्या आठवड्यात पूर्ण भरलं नव्हतं. चार आठवडे वाढले, घरात सगळ्यांची तोंडं उतरली, तिचं सोडून.

दुसऱ्या पायाचं मात्र आधीच मनात धरून ठेवा. एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी साधारण निम्म्यांचं दुसरंही पुढच्या एक-दोन वर्षांत जातं, कारण झीज दोन्हीकडे असते. म्हणून पहिल्याच दिवशी दोन्ही गुडघे तपासून घ्या, आणि शक्य असेल तर खर्चाचा विचारही दोन पायांच्या हिशेबाने करा. आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही मांड्यांचा घेर शिंप्याच्या टेपने मोजतो आणि कॅलेंडरवर लिहितो. माप नेहमी एकाच माणसाने घ्यायचं, आणि जिलबीला उभं करून, आडवी असताना नाही. परवा डावी ३९ सेंटिमीटर होती, उजवी साडेअडतीस.